चिकट बटणांना थिनर आणि सीटला तेल लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या गाड्या आतून नव्यासारख्या कशा कराव्यात यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख आपुलकीनं लिहिलेला आहे, पण त्यातले दोन सल्ले वाचून मला स्वस्थ बसवलं नाही. चिकट झालेली बटणं थिनरनं पुसावीत हा एक, आणि कोरड्या पडलेल्या चामड्याच्या सीटवर तेल चोळावं हा दुसरा. या दोन्ही गोष्टी एका गाडीवर झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातून जे बिघडलं ते सुधारायला मला जवळजवळ पाच महिने लागले, आणि एक भाग तर कायमचाच गेला. म्हणून हे पत्र.

मी २७ वर्षं चामड्याच्या बॅगा, पट्टे आणि पाकिटं शिवते आहे. गाड्यांचं मला फारसं कळत नव्हतं. गाडी दादाची. दोन सीटची, जमिनीलगत बसलेली, २००१ सालची स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातल्या कितीतरी गाड्यांना हेच दुखणं आहे. दादाचे गुडघे दुखायला लागले, इतक्या खाली बसणं-उठणं जमेना, तेव्हा त्यानं ती झाकून ठेवली. सहा वर्षं ती बंद गॅरेजमध्ये, जाड कापडी आच्छादनाखाली उभी होती. ऊन नाही, पाऊस नाही, कुणाचा हात नाही. गाडी याहून जपायची ती कशी, असं त्याला वाटायचं.

आच्छादन काढून मी आत बसले आणि काच खाली करायच्या बटणावर बोट ठेवलं, तर ते चटकन सुटेना. ओढून काढलं तेव्हा बटणावर माझ्या बोटाचा ठसा उमटला होता, अगदी रेषांसकट, आणि बोटाच्या टोकाला डांबरासारखा काळा चिकटा. एसीच्या जाळ्या, रेडिओभोवतीची चौकट, ग्लोव्ह बॉक्सची कडी, दाराचा आतला मुठा, सगळीकडे तीच गत. त्या चिकट्यात धूळ रुतली होती, आच्छादनाचे तंतू अडकले होते. दादाचा चेहरा उतरला. कुणीतरी काहीतरी सांडलं आणि आपलं लक्ष नव्हतं, असंच तो दिवसभर म्हणत राहिला.

कुणीही काही सांडलेलं नव्हतं. हे मला कळलं ते माझ्या धंद्यामुळे. बूट दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. चांगले महागाचे बूट, दोनचारदा घातलेले, खोक्यात नीट ठेवलेले, आणि चार-सहा वर्षांनी पायात घातले की तळवा भुगा होऊन गळून पडतो. लोकांना वाटतं फसवणूक झाली. तळवा पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्यातल्या एका जातीच्या पॉलियुरेथेनला हवेतली वाफ हळूहळू खाते. त्या पदार्थाच्या लांबलचक साखळ्या असतात. साखळीतले एस्टर नावाचे दुवे पाण्यानं तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या दुव्यांची तूट वाढवतं. म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमट हवा दोन्ही मिळाली की काम आणखी लवकर होतं. तळव्याचा भुगा होतो. तोच प्रकार पातळ थरात घडला की थर मऊ पडून चिकट होतो.

गाडीच्या बटणांवर तोच थर असतो. १९९० च्या दशकापासून गाड्यांच्या आतल्या कडक प्लॅस्टिकवर मखमली स्पर्शाचा एक लेप मारायची पद्धत रुळली. प्लॅस्टिक हाताला स्वस्त वाटू नये, उन्हात चमकू नये, म्हणून. नवी असताना त्या बटणांवरून बोट फिरवायला खरंच छान वाटतं. हाच लेप दुर्बिणींवर, कॅमेऱ्यांच्या पकडीवर, विजेरींवर, छत्रीच्या दांड्यांवरही असतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी खणात पडलेली एखादी चिकट दुर्बीण निघेल. ती मळलेली नसते, तिचा लेप कुजलेला असतो.

हे कळायच्या आधी एक चूक झाली, तीही सांगते. दादानं गाडी एका वर्कशॉपमध्ये पाठवली. त्यांनी सगळ्या डॅशबोर्डला आणि सीटना सिलिकॉनची चमक मारली, सीटवर वरून तेलही चोळलं, आणि बटणं थिनरनं पुसली. पंख्याचा वेग कमीजास्त करायची चकती हातात आली तेव्हा तिची कड विरघळून गोल झाली होती, आणि वर कापडाची वीण छापल्यासारखी दिसत होती. लेपाखालचं प्लॅस्टिक बहुतेकदा एबीएस जातीचं असतं आणि ते थिनरमध्ये, अ‍ॅसिटोनमध्ये मऊ होऊन विरघळतं. लेपासोबत खालची वस्तूही गेली. वर सल्ला मिळाला की अख्खा कन्सोल, म्हणजे ही बटणं बसवलेला मधला भागच, बदला. तो भाग कंपनी आता बनवत नाही. जुन्या गाडीचा मिळाला तरी त्यावर तोच लेप असणार, तेवढ्याच वयाचा.

मग मी स्वतः हात घातला. दादा शेजारी खुर्ची टाकून बसायचा. प्रत्येक भाग काढण्याआधी तो मोबाइलवर फोटो घ्यायचा, आणि स्क्रू कुठला कुठे ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात खोचून ठेवायचा. बॅटरीची जोडणी आधी सोडली. एअरबॅगच्या आसपास काम असेल तर हे केल्यावरही गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावं लागतं, कारण त्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते. स्टीअरिंगवरची एअरबॅग मी काढली नाही. ते काम जाणकार मेकॅनिककडून करून घेतलं, आणि कुणीही तसंच करावं.

लेप काढायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं, ९९ टक्क्यांचं. आधी प्रत्येक भागाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला थेंबभर लावून दहा मिनिटं पाहिलं. प्लॅस्टिक पांढरं पडत नाही, तडकत नाही, मऊ होत नाही याची खात्री झाल्यावरच पुढे. सुती चिंधी भिजवून भागावर गुंडाळायची आणि सुकू न देता तशीच ठेवायची. काच खाली करायचं तेच बटण मी पहिलं घेतलं. दहा मिनिटांनी चिंधी उचलली तर लेप फुगून सुरकुतला होता, दुधावरच्या सायीसारखा, फक्त काळाकुट्ट. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याची कड चपटी घासून घेतली होती, तिनं तो ढकलत गेले. पहिल्या फेरीत निम्मा निघाला. उरलेला चिकटा पसरायचा, म्हणून दर वेळी नवी चिंधी. त्या एका बटणाला अकरा चिंध्या लागल्या. बारावी कोरी निघाली आणि हातात एक गुळगुळीत, कडक, काळं बटण होतं, ज्याला बोट लावलं की बोट सुटत होतं. दादानं ते हातात घेऊन कितीतरी वेळ अंगठ्यानं चोळून पाहिलं.

काही गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेवायला हव्यात. बटणावरची पांढरी चिन्हं पुष्कळदा लेपावरच छापलेली असतात, लेप गेला की तीही जातात. काही बटणांत खाली दुधी प्लॅस्टिक असतं आणि चिन्ह लेपात कोरलेलं असतं, म्हणजे लेप काढल्यावर अख्खं बटणच रात्री उजळतं. माझी दोन चिन्हं अशी गेली. पुढच्या बटणांची मापं आणि फोटो आधी घेतले, नंतर चिन्हांचे पातळ छाप करून घेऊन बसवले आणि वर मॅट पारदर्शक थर दिला. दुसरं म्हणजे अल्कोहोल बटणाच्या फटीतून आत ओघळू द्यायचं नाही. स्विच सुटा करूनच काम करायचं. दारं उघडी, हातमोजे घातलेले, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही, कारण त्याची वाफ पेट घेते. आणि कुठे कुठे टाल्कम पावडर नाहीतर खाण्याचा सोडा चोळायला सांगतात. त्यानं चिकटपणा चार दिवस झाकला जातो, मग पावडरीसकट चिकटा होतो. मला एसीच्या जाळ्यांत असली जुनी पावडर सापडली, ती खरवडून काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

लेप काढल्यावर पुन्हा रंग द्यावा का? माझं मत, जिथे खालचं प्लॅस्टिक काळं आणि सुबक आहे तिथे काहीही लावू नये. मी बहुतेक भाग उघडेच ठेवले. जिथे साच्याच्या रेघा दिसत होत्या तिथे प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर आणि सॅटिन काळा रंग, अगदी पातळ हातांनी. तोच मखमली लेप नव्यानं मारून देणारे आहेत. स्पर्श मूळचा हवा असेल त्यांनी तो जरूर मारून घ्यावा, पण तोही पॉलियुरेथेनच आहे आणि आधी विचारून घ्यावं की तो वाफेला किती टिकतो. दोन भाग मिसळून मारायच्या रंगातल्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या भागात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती फुप्फुसांना फार वाईट, साधा कापडी मास्क त्यांना पुरत नाही. ते काम घरी करू नये.

आता चामड्याकडे येते. इथे मी अधिकारानं बोलते.

लेखात म्हटलं आहे की झिजलेली सीट म्हणजे चामडं तहानलेलं आहे, त्याला तेल पाजा. माझ्या बॅगांचं चामडं बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेलं असतं, उघडं असतं, तेल-मेण पितं. गाडीतलं चामडं बहुतेक वेळा तसं नसतं. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ही पद्धत १९ व्या शतकातली, ऑगस्टस शुल्ट्झ यांनी तिचं पेटंट अमेरिकेत १८८४ मध्ये घेतलं. कमावल्यावर त्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. आपला हात चामड्याला लागतच नाही, त्या थराला लागतो. पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. जिथे तो मुरून डाग गडद होतो तिथे थर गेला आहे, किंवा ते चामडं मुळातच बिनथराचं आहे, आणि मग त्याची रीत वेगळी.

दादाच्या सीटवर थेंब सगळीकडे उभा राहिला, फक्त ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या उंचवट्यावर मुरला. साहजिक आहे. स्पोर्ट्स कारच्या सीटच्या दोन्ही कडा अंगाला धरून ठेवण्यासाठी उंच केलेल्या असतात, आणि खाली बसलेल्या गाडीत चढता-उतरता माणूस दर वेळी त्याच कडेवरून घसरतो. पॅन्टची शिवण, खिशाची बटणं, सगळं तिथेच घासतं. तिथला रंग उडून तपकिरी कातडं उघडं पडलं होतं, आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा. तेल त्याच भेगांतून आत गेलं. तिथे ते काळं पडलं, धूळ धरून बसलं, आणि नवा रंग धरू देईना. बाकीच्या सीटवर तेल थरावरच राहिलं आणि दादाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागलं. वर्कशॉपची चूक निस्तरायला मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला.

सीट आधी नुसती धुतली. चामडं थोडं आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान. अंगाचा साबण ९-१० च्या घरात असतो, तो चालत नाही. चामड्यासाठीचं सौम्य क्लीनर, त्याचा फक्त फेस, मऊ ब्रश आणि ओलसर पंचा. पंचा चहासारखा होत गेला आणि सीटची चमक उतरत गेली. ती चमक पाहून लोक सीट छान आहे म्हणायचे. गाडीचं नवं चामडं बहुतेक मंद, मॅट असतं. चमकतो तो अंगाचा तेलकटपणा. स्टीअरिंगवर तर हाताचा घाम, क्रीम, सगळ्याचा जाड काळा थर होता. मॅजिक स्पंज म्हणून मिळतो तो मी वापरला नाही, तो बारीक पॉलिश पेपरच आहे, संरक्षक थर खरवडतो.

झिजलेल्या कडेचं तेल काढायला अल्कोहोलच्या जेमतेम ओल्या कापडानं कितीतरी वेळा हलकं पुसलं, मधे एक-एक दिवस जाऊ दिला, कारण आतलं तेल परत वर येत होतं. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुटे तंतू दाबून गुळगुळीत केले. भेगांत चामड्याचा लवचीक फिलर. हा एकदम भरला तर सीट दबली की तडकतो. मी प्लॅस्टिकच्या पट्टीनं पुसल्यासारखा पातळ थर देत गेले, सात थर, प्रत्येक सुकवून आणि घासून. एका ठिकाणी टाक्यालगत चीर आरपार होती. तिच्या खालून चिमट्यानं कापडाचा तुकडा सरकवला, लवचीक गोंद लावला, कडा बोटांनी जुळवून वर वजन ठेवलं. ज्यांच्या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे त्यांनी त्या बाजूच्या शिवणीला हात लावू नये. ती शिवण फाटण्यासाठीच घातलेली असते. तिथे गोंद किंवा जाड दोरा गेला तर एअरबॅग वेळेला बाहेर येणार नाही. बारीक भोकांचं चामडं असेल तर भोकं फिलरनं बुजवायची नाहीत, तेही सांगून ठेवते.

रंग जुळवणं हा वेगळाच धडा होता. हेडरेस्टच्या खाली मला गाडीचा मूळ रंग सापडला, गडद बदामी. तोच तयार केला आणि कडेवर लावला तर ती कड सगळ्या सीटमधून उठून दिसायला लागली. बाकीची सीट २० वर्षांत फिकट झाली होती. जुळवायचं ते आजच्या सीटशी. पाण्यात मिसळणारा हा रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून दर वेळी कागदावर थेंब लावून, हेअर ड्रायरनं वाळवून, सीटला टेकवून पाहायचं. चौदाव्या कागदावर दादा म्हणाला, "हा घे." पहिला हात स्पंजनं टिपून, पुढचे चार अगदी पातळ फवाऱ्यानं, टाक्यांचा दोरा आधी मास्किंग टेपनं झाकून. शेवटी मॅट संरक्षक थर, त्यात हार्डनरचे मोजके थेंब. दोन दिवस कुणाला बसू दिलं नाही, आठवडाभर पाणी लावलं नाही.

सगळं वाचवता येतं असा माझा दावा नाही. डॅशबोर्डवरचं चामडं काचेच्या कडेपासून आकसून उचललं गेलं होतं. उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि वर्षानुवर्षं तसं भाजल्यावर चामडं आखडतं. ते ओढून परत बसत नाही. तेवढा तुकडा नव्यानं शिवला, टाक्यांचं अंतर जुन्या भोकांवरून मोजून. पण त्यासाठी चारही सीट-भाग उसवून नवं चामडं चढवायची काहीच गरज नव्हती, जे आम्हाला सुचवलं गेलं होतं. एकदा मूळ कातडं काढून टाकलं की त्याची सुरकुती, त्याचा शिवणीचा माग, कुणा कारागिराचा हात, सगळं कचऱ्यात जातं.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांकडेही एक मागणं आहे. कोणत्या भागावर कसला लेप आहे आणि तो कशानं काढायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत एका ओळीत लिहिता येईल. सुटे भाग देताना बिनलेपाचे देता येतील. आज माहितीच नसल्यामुळे चांगली बटणं भंगारात जातात आणि गाडी विकत घेणारा चिकट कन्सोल पाहून मालकानं हयगय केली असं धरून चालतो. माझ्या दादानं हयगय केली नव्हती.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या अंकात त्या दोन सल्ल्यांची दुरुस्ती छापावी. या सुट्टीत कुणीतरी थिनरची बाटली घेऊन गाडीत बसण्याआधी ती छापली जावी. पंख्याची ती वितळलेली चकती मी जपून ठेवली आहे. छायाचित्र हवं असल्यास पाठवते.

आपली,
चामडं शिवणारी एक वाचक